साहित्य : ॲल्युमिनियम, तार, वारा

कंपनी विम्याची. ब्रीद असं की
आम्ही कुणालाही वाऱ्यावर सोडत नाही.
आणि बाईंनी काय केलं, तर
तीनशे अठरा पट्ट्या ॲल्युमिनियमच्या
आमच्या लॉबीच्या छताखाली
सरळ वाऱ्यावर सोडल्या.

मी त्रिएस्तेचाच. सत्तावीस वर्षं बंदरावर,
कंबर गेली तेव्हा इथे रात्रपाळीला लागलो.
कलेतलं मला विचारू नका.
तारेतलं विचारा : चार मिलिमीटर, सात पेडांची,
दोन माणसं लोंबकळली तरी तुटायची नाही.

फुल्विया कोरेन नाव बाईंचं. वरच्या पठारावरच्या,
रागावल्या की इटालियन सोडून स्लोव्हेनियनमध्ये शिरायच्या.
सतरा दिवस नुसत्या बसून होत्या
माझ्या टेबलाशेजारी, घडीच्या खुर्चीवर, मांडीवर वही.
वरून विचारणा आली : काम कधी सुरू?
म्हणाल्या, चाललंय की.

मला विचारलं, लिव्हिओ,
माणसं इथे थबकतात कुठे?
इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
तिसऱ्या खांबाशी, म्हटलं.
गेलेल्या माणसाचे कागद घेऊन येतात ना, ती.
तिथे कोटाची बटणं लावतात, काढतात, पुन्हा लावतात,
मग लिफ्टकडे जातात.

तिथे त्यांनी काहीच टांगलं नाही.
छत भरून पट्ट्या, आणि तेवढीच जागा मोकळी,
कुणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखी.

अनावरणाला संचालकांनी विचारलं, याचा अर्थ काय?
दुसरीकडे नेलंत तर काहीच नाही, बाई म्हणाल्या.
सगळे हसले. त्यांना वाटलं, विनोद.
तेवढ्यात कुणी उशिरा आलेल्यानं रस्त्याकडचं दार उघडलं,
फेब्रुवारी होता, बोरा सुटलेला,
आमच्या गावचा वारा, डोंगरावरून समुद्रात उडी घेणारा,
ज्याच्यापायी आजोबांच्या काळी रस्त्याकडेनं दोर बांधत,
आणि छतभर उधळली
कानात वारं शिरलेली वासरं.
कुणाची तरी वाइन बाहीवर सांडली.
आवाज? आवाज म्हणता यायचा नाही.
सार्डिननं भरलेलं जाळं पाण्याबाहेर येताना
जे होतं, ते.

मग ऊर्जेची तपासणी झाली.
आता दोन दारं, मध्ये काचेची खोली,
एक मिटल्याशिवाय दुसरं उघडत नाही.
हीटिंगचे बावीस टक्के वाचले.
पट्ट्या होत्या तिथे थांबल्या.
नवे लोक म्हणतात, छान आहे, शांत वाटतं.
पुसायला येणारी मुलगी तेवढी म्हणाली,
हे बंद पडलंय का?

बाईंना पत्र लिहिलं.
उत्तर त्यांच्या भाच्याकडून आलं.
ते खणात आहे.

त्याच खणात करारनाम्याची प्रतही असते,
आग लागली तर आधी काय वाचवायचं, त्या यादीखाली.
परिशिष्ट दोन.
साहित्य : ॲल्युमिनियम, तार, वारा.
देखभाल : कंपनीची जबाबदारी.

म्हणून पहाटे पावणेपाचला
मालाचं दार उघडतो. खाली लाकडी पाचर.
मग आतलं. चार मिनिटं.
रोज वारा असतोच असं नाही,
पडलेला असला की मी नि पट्ट्या, दोन्ही बाजूंनी वाट बघतो.
असला की तिसऱ्या खांबाशी जाऊन उभा राहतो,
डोक्यावर काहीच नाही, सगळं आजूबाजूला,
आणि हात आपोआप बटणांकडे जातात.

अलार्मच्या नोंदवहीत कारणाचा रकाना आहे.
पहिल्या दिवशी पेन बराच वेळ अधांतरी धरलं होतं.
मग लिहिलं : देखभाल.

जूनमध्ये मी सुटलो. माझ्या जागी येणारा डेनिस
पानं उलटत म्हणाला, रोज? कसली देखभाल?
म्हटलं, उद्या लवकर ये.
कोट घालून ये.